इस्ताचा राग

प्रश्न : लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची ‘पॅलडिन ऑफ सोल्स’ ही अद्भुतरम्य कादंबरी मी वाचायला घेतली आहे. तिची नायिका इस्ता सतत चिडलेली असते, देवांना दूषणे देते आणि समोर आलेले काम टाळते. अशा नायिकेची कादंबरी आवडीने कशी वाचावी? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : इस्ता आवडलीच पाहिजे असे मुळीच नाही, पण ती का चिडली आहे हे मात्र मनावर घ्या. चाळिशीतली ही विधवा राजमाता. तिचा पती गेला, मुलगा गेला आणि कथा सुरू होते तेव्हा आईही नुकतीच निवर्तली आहे. भोवतालची माणसे तिला वेडी समजून अत्यंत प्रेमाने कोंडून ठेवतात, म्हणून ती तीर्थयात्रेचे निमित्त करून वाड्याबाहेर पडते. तरुणपणी देवांच्या शब्दावर विसंबल्याने तिच्या हातून जे घडले, त्याचे ओझे ती अजून वाहते आहे, तेव्हा तेच देव पुन्हा दारी आल्यावर तिने हात जोडावेत तरी कशासाठी?

बुजोल्ड यांच्या या जगात पिता, माता, पुत्र, कन्या आणि अनौरस असे पाच देव आहेत. ते अतिशय सामर्थ्यवान असले, तरी एखाद्या माणसाने स्वेच्छेने वाट करून दिल्याशिवाय त्यांना जडसृष्टीत काहीही करता येत नाही. त्यामुळे इस्ताच्या नकाराला खरे वजन येते आणि तिच्या होकाराची प्रतीक्षा देवांनाही करावी लागते. एखादा उत्साही तरुण नायक असता, तर ही सारी ओढाताण पहिल्याच प्रकरणात संपली असती.

या कथेमागे पंधराव्या शतकातला स्पेन आहे. कास्तीलच्या राजाचा लाडका सरदार आल्व्हारो दे लूना याचा 1453 मध्ये शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी राजा वारला आणि त्याची विधवा इसाबेल वेडी ठरून आरेव्हालो येथे एकाकी आयुष्य जगली. इतिहासाने कोपऱ्यात बसवलेल्या अशा स्त्रीला बुजोल्ड यांनी कथेच्या मध्यभागी आणले, हे मला फार मोलाचे वाटते. या कादंबरीला विज्ञानकथा व अद्भुतरम्य साहित्यासाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कारही 2004 मध्ये मिळाला.

शक्य असल्यास बुजोल्ड यांची याच जगातली 2001 मधली कादंबरी ‘द कर्स ऑफ चॅलियन’ आधी वाचा, म्हणजे इस्ताच्या भूतकाळाचे संदर्भ सहज लागतील. टपाल घेऊन घोडदौड करणारी लिस तिची सखी होते, तेव्हापासून इस्ताची तिखट जीभ खुलू लागते. ते संवाद सावकाश वाचा. आणि पोरिफोर्सच्या किल्ल्यात तिला स्वप्नात दिसलेला बेशुद्ध सरदार प्रत्यक्ष भेटेपर्यंत पुस्तक मिटू नका.