इव्हेंट मॅनेजमेंट शिकायला ब्रिटनला येतेस? आधी तारखा मांड

तुझे सगळे प्रश्न वाचले. नाशिकमध्ये लग्नं, कंपन्यांचे लॉन्च, गणपतीत मंडळांची कामं असा पाच वर्षांचा अनुभव. बाबा शैक्षणिक कर्ज काढायला तयार. आणि तुला विचारायचंय की ब्रिटनमध्ये इव्हेंट मॅनेजमेंटचं एमएस्सी करावं का, कुठल्या शहरात करावं आणि नंतर तिथे नोकरी लागेल का. मी हाच कोर्स करून लीड्समध्ये राहिले, आता एका कॉन्फरन्स सेंटरमध्ये ऑपरेशन्स बघते. त्यामुळे इथे रोज जे दिसतं तेच सांगते. शिक्षण उत्तम आहे. पण विद्यापीठांची रँकिंग चाळत बसू नकोस. व्हिसाच्या तारखा आणि इथल्या सीझनच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिही. तुझा निर्णय त्या कागदावर होणार आहे.

तू लिहिलंस, "मांडव, केटरिंग, साउंड, व्हेंडर सांभाळणं हे सगळं मला येतं, मग तिथे नवीन काय शिकवणार?" नवीन दोन गोष्टी: कायदा आणि गर्दी.

कायद्याचं एक छोटं उदाहरण देते. इंग्लंडमध्ये दारू किंवा गाणंबजावणं असलेला लहान, तात्पुरता कार्यक्रम करायचा तर कौन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस देतात. फी २१ पौंड, आणि कामाचे किमान दहा दिवस आधी. त्यात जास्तीत जास्त ४९९ माणसं चालतात, आणि या आकड्यात तुझे वाढपी, साउंडवाले, तू स्वतः, सगळे धरायचे. त्यापुढे गेलीस की २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टखाली वेगळा परवाना. मोठ्या कार्यक्रमाचा प्लॅन सेफ्टी ॲडव्हायझरी ग्रुपपुढे जातो. तिथे पोलीस, फायर ब्रिगेड, ॲम्ब्युलन्स आणि कौन्सिलची माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि पान पान वाचून प्रश्न विचारतात. स्टेज उभारणं हे कायद्याच्या नजरेत बांधकाम आहे, त्याला बांधकामाचेच २०१५ चे नियम लागतात. २०१७ मध्ये मँचेस्टर अरेनात स्फोट होऊन २२ माणसं गेली. त्यात मुलगा गमावलेल्या आईने चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये दहशतवादापासून सार्वजनिक जागांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याला मुलाच्या नावावरून 'मार्टिन्स लॉ' म्हणतात. २०० किंवा जास्त माणसं जमू शकतात अशा जागांना तो लागू होईल, आणि तयारीसाठी किमान दोन वर्षांची मुदत दिलेली आहे. म्हणजे तू शिकून बाहेर पडशील तेव्हा प्रत्येक हॉल आणि थिएटरला हे काम समजणारं माणूस हवं असेल. हा विषय मनापासून शिक.

गर्दीचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉल सामन्याला चेंगरून ९७ माणसं गेली. वर्षानुवर्षं दोष प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की प्रेक्षकांची चूक नव्हती. बाहेरची गर्दी कमी करायला गेट उघडलं, आणि लोक बोगद्यातून सरळ उभं राहून सामना बघायच्या, आधीच भरलेल्या कुंपणबंद कप्प्यांत गेले. त्यांना दुसरीकडे वळवायला कोणी उभं नव्हतं. वर्गात तो नकाशा उघडला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मांढरदेवीच्या पायऱ्या आल्या. २००५ ची ती यात्रा, तीनशेच्या आसपास बळी. मग २०१७ चा एल्फिन्स्टन रोडचा पूल, २३ बळी. आपल्याकडे अशा वेळी "लोक बेशिस्त" म्हणून विषय संपवतात. इथे तुला चौरस मीटरला किती माणसं उभी आहेत ते मोजायला, येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा ठेवायला, आणि गर्दी जमण्याआधी कागदावर थांबवायला शिकवतात. केवळ यासाठी कोणी हा कोर्स केला तरी मी चूक म्हणणार नाही.

आता व्हिसा. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, हे तुला एजंटने सांगितलंच असेल. बाकीचं बहुतेक सांगितलं नसेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याला उन्हाळ्याची सुट्टी धरत नाहीत, कारण तेव्हा प्रबंध चालू असतो. म्हणजे जून ते ऑगस्ट, जेव्हा सगळ्या फेस्टिव्हलांना माणसं हवी असतात, तेव्हाही तुझे २० तासच. आणि या धंद्यातली बरीच कामं फ्रीलान्स असतात: दिवसाचा रेट ठरवायचा, काम करायचं, बिल पाठवायचं. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालत नाही, म्हणून असं बिल पाठवणंही चालत नाही. कंपनीच्या पेरोलवरच काम घ्यायचं. कलाकार म्हणून पैसे घेऊन कार्यक्रम करायलाही बंदी आहे. तू ढोलपथकात होतीस ना? हौसेने वाजव, मानधन घेऊ नकोस. स्टुअर्डचं, म्हणजे कार्यक्रमात गर्दीला वाट दाखवणाऱ्याचं काम धर. हाय-व्हिझ जॅकेट घालून गेटवर आठ तास उभं राहिलीस की पुस्तकातली गर्दी खरी दिसायला लागते, आणि सुपरवायझरच्या ओळखी पुढे उपयोगी पडतात.

शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा. त्यावर फ्रीलान्स चालतं, कितीही तास चालतात. आजवर मास्टर्सवाल्यांना तो दोन वर्षांचा मिळायचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचा मिळेल. तू सप्टेंबर २०२६ ला आलीस तर सप्टेंबर २०२७ ला कोर्स संपेल. नोव्हेंबरात निकाल लागला की उत्साहाने लगेच अर्ज केलास तर व्हिसा २०२९ च्या मेमध्ये संपतो. हाती पूर्ण उन्हाळा एकच, २०२८ चा. स्टुडंट व्हिसा कोर्स संपल्यावर साधारण चार महिने चालू असतो, तो संपत येईपर्यंत थांबून अर्ज केलास तर २०२९ चा जुलै मिळतो. आणि जानेवारी २०२७ चा प्रवेश घेतलास तर याच हिशोबाने २०२८ आणि २०२९ असे दोन पूर्ण उन्हाळे हातात येतात. आपल्या धंद्यात एका सीझनचा फरक म्हणजे ओळखीच्या माणसाने दुसऱ्या वर्षी पुन्हा फोन करणं, आणि नोकऱ्या त्या दुसऱ्या फोनवरच लागतात. जानेवारीचा प्रवेश सगळीकडे नसतो. जिथे अर्ज करशील तिथे आधी हेच विचार.

पुढची पायरी अवघड आहे, ती मऊ करून सांगणार नाही. ग्रॅज्युएट व्हिसा संपल्यावर नोकरीवर इथे राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो, आणि त्यासाठी कंपनीने तुला स्पॉन्सर करावं लागतं. त्याला जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड झाली. नुकतंच शिकून आलेल्यांना सवलत आहे, तरी ३३,४०० लागतातच, आणि कामही पदवीच्या पातळीचं असावं लागतं. इव्हेंट कोऑर्डिनेटरचा सुरुवातीचा पगार २४ ते २८ हजारांच्या घरात असतो. ही दरी लहान कंपन्या भरून काढत नाहीत. फेस्टिव्हल चालवणाऱ्या छोट्या टीम, लग्नांचे प्लॅनर, लेस्टर-हॅरोकडचे देशी बँक्वेट हॉल यांच्याकडे काम भरपूर मिळेल, स्पॉन्सरशिप क्वचितच. ती शक्यता मोठ्या ठिकाणी: कन्व्हेन्शन सेंटर, प्रदर्शनं भरवणाऱ्या कंपन्या, सेफ्टी सल्लागार, रजिस्ट्रेशन सॉफ्टवेअर आणि एव्हीवाले (साउंड-स्क्रीनची यंत्रणा पुरवणारे), शिवाय विद्यापीठांचे स्वतःचे इव्हेंट विभाग. स्पॉन्सर लायसन्स असलेल्या सगळ्या संस्थांची यादी सरकारी वेबसाइटवर कोणालाही बघता येते. मुलाखतीला जायच्या आधी नाव त्यात आहे का बघ, आणि तुझं पद कुठल्या व्यवसाय-कोडखाली टाकणार ते स्पष्ट विचार. व्हिसिटिंग कार्डावरचं पद काहीही असो, व्हिसावाले कोड बघतात.

शहराचं म्हणशील तर मला लीड्स आवडतं, आणि ते नुसतं मी इथे राहते म्हणून नाही. तेव्हाच्या लीड्स मेट्रोपॉलिटनने, म्हणजे आजच्या लीड्स बेकेटने, १९९६ मध्येच इव्हेंट मॅनेजमेंटची पदवी सुरू केली. त्यामुळे इथल्या धंद्यात जागोजागी तिथून शिकलेली माणसं भेटतात. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते. तिला जोडून ब्रॅमहम पार्कात लीड्स फेस्टिव्हल हा संगीत महोत्सव आणि त्याच सोमवारी शहरात १९६७ पासून चालणारा वेस्ट इंडियन कार्निव्हल. एका शनिवार-रविवारला जोडून दोन पूर्ण वेगळ्या गर्द्या बघायला मिळतात. रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास हॅरोगेट, तिथे कन्व्हेन्शन सेंटर. नाटक, संगीत, कला यांतच जायचं असेल तर एडिनबरा. तिथला फेस्टिव्हल आणि त्याच सुमारास भरणारा, कोणालाही भाग घेता येणारा फ्रिंज महोत्सव दोन्ही १९४७ पासूनचे, आणि ऑगस्टमध्ये सगळं शहरच रंगमंच होतं. मात्र स्कॉटलंडचे परवान्यांचे कायदे इंग्लंडपेक्षा वेगळे आहेत, आणि ऑगस्टमध्ये भाडी चढतात. लंडन माझ्या मते पहिल्या वर्षासाठी नको.

पैसे. या कोर्सची फी बऱ्याच ठिकाणी १६ ते २० हजार पौंडांच्या दरम्यान असते. त्याशिवाय राहण्याखाण्याची रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते: लंडनबाहेर महिना १,१७१ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९; लंडनमध्ये महिन्याला १,५२९. वर्षाच्या कोर्सला आरोग्य अधिभार, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, १,१६४ पौंड. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातूनच करायची. लग्न ठरतंय असं लिहिलंस म्हणून सांगते, अशा वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला २०२४ पासून जोडीदाराला सोबत आणता येत नाही. कमाईचं बघ: एप्रिल २०२६ पासून किमान वेतन तासाला १२.७१ पौंड, म्हणजे २० तासांचे आठवड्याला २५४. त्यात खोलीचं भाडं आणि किराणा भागतो, फी नाही. म्हणून बाबांना सांग, कर्जाचा हप्ता भारतातल्या पगारातून फेडता येईल एवढंच कर्ज काढा. इथली स्पॉन्सरशिप गृहीत धरून काढलेलं कर्ज शेवटचे सहा महिने माणसाला झोपू देत नाही. माझ्या बरोबरच्या मुलांचे चेहरे मी पाहिलेत.

परत जाणं म्हणजे हरणं, असंही मनात धरू नकोस. जानेवारी २०२५ ला नवी मुंबईत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा हा संगीत महोत्सव येऊ लागला, गोव्यात सेरेंडिपिटी कला महोत्सव आहे. गर्दीचा प्लॅन लिहिता येणाऱ्या माणसाची तिथे इथल्यापेक्षा जास्त गरज आहे.

आणि तुझ्या गावात २०२७ ला सिंहस्थ आहे! २००३ च्या कुंभात सरदार चौकाजवळच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, २०१५ चा कुंभ तशी दुर्घटना न होता पार पडला. मधल्या काळात काय बदललं यावर प्रबंध लिहिता येईल, आणि तो इथल्या कुठल्याही मुलाला लिहिता येणार नाही. फील्डवर्कला ब्रिटनबाहेर जायचं तर एथिक्सची (संशोधनाच्या नीतिनियमांची) मंजुरी आणि विद्यापीठाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, नाहीतर व्हिसाचा प्रश्न येतो. ही परवानगी देतात का, हे प्रवेश घेण्याआधीच कोर्स लीडरला विचारून घे. प्रवेश अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये "मला लोकांमध्ये काम करायला आवडतं" असलं काही नको. रामकुंडावर माणसं कुठून येतात आणि कुठे अडतात ते लिही, आणि मसुदा मला पाठव. मी बघून देते.