तिसऱ्या रिचर्डचं थडगं : वाचकांचे प्रश्न

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड लेस्टर शहरात गाड्यांच्या पार्किंगखाली सापडला, असं वाचलं. राजाला साधं थडगंही बांधलं नव्हतं का? (सातारा)

बांधलं होतं, पण दहा वर्षं उशिरा. 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला तेव्हा तो 32 वर्षांचा होता. प्रेत लेस्टरला आणून, राजा मेला याची लोकांना खात्री पटावी म्हणून उघड्यावर ठेवलं, आणि मग ग्रेफ्रायर्स या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पुरलं. जागा मात्र मानाची होती: वेदीच्या अलीकडे, मठातले साधू प्रार्थना म्हणायला जिथे बसत तो भाग. 1495 मध्ये, ज्याने त्याला हरवलं त्याच सातव्या हेन्रीने वर अलाबास्टर दगडाचं थडगं बांधायला पैसे दिले. नॉटिंगहॅमच्या एका कारागिराशी 50 पौंडांचा करार झाल्याची नोंद आहे. राजाच्या थडग्यासाठी ही रक्कम फार मोठी नव्हे.

1538 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केले, त्यात हाही गेला. चर्च पाडलं, दगड विकले गेले आणि थडगंही नाहीसं झालं. पुढे हाडं उकरून सोअर नदीत फेकल्याची कहाणी पसरली. 1611 मध्ये जॉन स्पीड या नकाशाकाराने ती छापल्यावर तिला वजन आलं. पण स्पीडने मठाची जागाच चुकीची धरली होती. मठाच्या खऱ्या जागी रॉबर्ट हेरिक या माजी नगराध्यक्षाची बाग होती आणि तिथे राजाच्या नावाचा 3 फूट उंच दगडी खांब 1612 मध्ये पाहिल्याची नोंद आहे. कहाणी लोकांच्या तोंडी राहिली, खांब विसरला गेला.

एवढ्या शहरात नेमकं कुठे खणायचं, हे कसं ठरवलं? (कोल्हापूर)

नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या नकाशांवरून मठाची साधारण हद्द ठरली होती. त्यातला बराच भाग इमारतींखाली गेलेला. मोकळं उरलं होतं ते नगरपालिकेच्या समाजसेवा विभागाचं पार्किंग आणि शेजारची थोडी जागा. पटकथालेखिका फिलिपा लँगली यांनी रिचर्ड तिसरा सोसायटी या रिचर्डच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या साथीने पाठपुरावा केला आणि लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाने रिचर्ड बकली यांच्या नेतृत्वाखाली 25 ऑगस्ट 2012 रोजी काम सुरू केलं.

आखणीत एक साधी युक्ती होती. मध्ययुगीन चर्च पूर्व-पश्चिम असतं. म्हणून सुमारे 30 मीटर लांब आणि 1.6 मीटर रुंद असे दोन चर उत्तर-दक्षिण घेतले, म्हणजे चर्च जिथे असेल तिथे त्याच्या भिंती चराला आडव्या येणारच. पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली. ती तिथेच झाकून ठेवली, आणि उत्साहाच्या भरात बहुतेकांचं लक्ष जात नाही ते नेमकं इथे. मठाच्या आवारात शेकडो माणसं पुरलेली असू शकतात. हाडं चर्चच्या कुठल्या भागात आहेत हे कळल्याशिवाय त्यांना काही अर्थ नव्हता. साधूंच्या सभागृहाची दगडी बाकं, मग मठाच्या चौकाभोवतालच्या ओवरीची वाट, मग चर्चच्या भिंती असं एकेक जुळत गेलं, तिसरा चर घेतला, आणि ती हाडं चर्चच्या त्याच मानाच्या भागात पडतात हे स्पष्ट झालं. तेव्हा कुठे सांगाडा उचलला. पावलं नव्हतीच, नंतरच्या काळातल्या कुठल्यातरी खोदकामात ती गेली असावीत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एक बांधकाम आणखी थोडं सरकलं असतं, तर उरलेलंही गेलं असतं.

डीएनए जुळला म्हणून तो रिचर्ड ठरला ना? मग बाकीच्या चाचण्या कशाला? (पुणे)

डीएनए हा एक धागा झाला. दोरी अनेक धाग्यांची आहे.

आधी खड्डाच पाहा. तो माणसाच्या उंचीला अपुरा, वेडावाकडा, तळ नीट न काढलेला. त्यामुळे डोकं कडेला टेकून वर उचललेलं राहिलं. शवपेटीचा पत्ता नाही आणि कफनाचीही खूण नाही. हात उजव्या कमरेवर एकमेकांवर आलेले, कदाचित बांधलेले. म्हणजे मानाची जागा आणि घाईचं दफन. त्या दिवसांतल्या रिचर्डला हे दोन्ही बरोबर लागू पडतं.

मग सांगाडा. मृत्यूच्या सुमाराच्या 11 जखमा, त्यांतल्या 9 कवटीवर. कवटीच्या तळाशी झालेल्या दोन मोठ्या जखमांपैकी कुठलीही एक जीव घ्यायला पुरेशी होती. हातांवर बचावाच्या जखमा नाहीत, म्हणजे अंगावर चिलखत होतं आणि शिरस्त्राण गेलेलं होतं. कमरेच्या हाडावरची जखम मात्र चिलखत असताना होण्याजोगी नाही. ती बहुधा प्रेत उघडं करून घोड्यावर टाकल्यावरची.

कार्बन कालमापनात पहिल्यांदा घोटाळा झाला. आकडा रिचर्डच्या मृत्यूपेक्षा काही दशकं आधीचा येत होता. कारण आहारात आहे. समुद्रातला कार्बन जुना असतो. भरपूर समुद्री मासे खाणाऱ्याच्या हाडांत तो उतरतो आणि हाडं असतात त्याहून जुनी भासतात. नायट्रोजनच्या प्रमाणावरून माशांचा वाटा काढून दुरुस्ती केली, तेव्हा काळ 1456 ते 1530 असा आला. दुरुस्ती न करता निकाल जाहीर झाला असता तर राजा हातचा गेला असता.

डीएनएसाठी मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाचा) भाग घेतला, कारण तो आईकडून मुलांकडे येतो. रिचर्डची बहीण ॲन हिच्यापासून लेकींच्या लेकी अशी वंशावळ आजपर्यंत आणली. त्यातले लंडनचे मायकल इब्सन यांचा पूर्ण जुळला. वेंडी डल्डिग यांच्यात डीएनएच्या एका अक्षराचा फरक निघाला, आणि इतक्या पिढ्यांत तो अपेक्षितच असतो. तो प्रकार युरोपात दुर्मीळ आहे, म्हणून जुळण्याला किंमत. हे सगळे पुरावे एकत्र मांडून 2014 मध्ये जो हिशोब प्रसिद्ध झाला, त्यात शक्यता 99.999 टक्क्यांच्या घरात आली.

वडिलांकडचा वाय गुणसूत्राचा पुरावा जुळला नाही, असंही ऐकलं. मग? (नागपूर)

खरं आहे. रिचर्डचा पूर्वज राजा तिसरा एडवर्ड याच्यापासून आलेल्या पुरुष शाखेतल्या पाच जणांशी तो जुळला नाही. त्या पाचांतलाही एक उरलेल्या चौघांशी जुळला नाही. मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि प्रत्यक्षातला बाप वेगळे, एवढाच त्याचा अर्थ. ते रिचर्डच्या बाजूला घडलं की दुसऱ्या, हे यातून ठरत नाही. बायकांच्या बाजूने आलेली वंशावळ अशा बाबतीत अधिक भरवशाची असते, कारण आई कोण याबद्दल सहसा वाद नसतो.

तो खरंच कुबडा होता का? (ठाणे)

कुबडा नव्हता. कणा बाजूला वाकलेला होता, ज्याला स्कोलिओसिस म्हणतात; बाक 65 ते 85 अंशांचा, आणि तो वयात येताना सुरू झालेला. उजवा खांदा थोडा वर राहत असणार, पण नीट शिवलेल्या कपड्यांत ते झाकलं जातं. त्याचा एक हात सुकलेला होता असंही सांगतात, ती निव्वळ बदनामी. कणा सरळ असता तर उंची सुमारे 5 फूट 8 इंच भरली असती.

मुलगा लेस्टरला असतो, उन्हाळ्यात जाणार आहोत. काय पाहावं? (पिंपरी)

दोन जागा आहेत, एकमेकींपासून चालत दोन-तीन मिनिटांवर. आधी रिचर्ड तिसरा व्हिजिटर सेंटर करा. जुन्या शाळेच्या इमारतीत ते जुलै 2014 मध्ये उघडलं. शेवटच्या दालनात काचेच्या जमिनीखाली मूळ खड्डा आहे, आणि सांगाडा कसा पडला होता ते त्यात प्रकाशाने दाखवतात. आधी दिसणारा सांगाडा त्रिमितीय छपाईने केलेली प्रतिकृती आहे. खरी हाडं समजून हात जोडू नका.

खऱ्या अस्थी समोरच्या सेंट मार्टिन कॅथीड्रलमध्ये आहेत. राजा यॉर्कचा म्हणून तिकडे न्यावा, असा दावा न्यायालयापर्यंत गेला होता. मे 2014 मध्ये तो फेटाळला गेला आणि 26 मार्च 2015 रोजी लेस्टरमध्येच पुन्हा दफन झालं. ओक लाकडाची शवपेटी इब्सन यांनी स्वतः बनवली, कारण ते पेशाने फर्निचर बनवणारेच. अस्थी तिच्या आत शिशाच्या पेटीत आहेत. पेटी जमिनीखालच्या विटांच्या खोलीत आहे, वर दिसतो तो दगड पोकळ नाही.

तो दगड सावकाश पाहा. फिका, उत्तर इंग्लंडमधल्या स्वेलडेलचा, सुमारे 2.3 टन वजनाचा. जवळून त्यात समुद्री जीवांचे जीवाश्म दिसतात. वर आरपार वाटावा इतका खोल क्रूस कोरला आहे. खालचा काळा चौथरा आयर्लंडच्या किल्केनी दगडाचा. त्यावर नाव, सनावळी आणि रंगीत दगडांचं राजचिन्ह. दगड पूर्वेकडे किंचित चढता बसवलेला आहे, ते बाजूला उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कॅथीड्रलमध्ये प्रार्थना सुरू असेल तर थडग्यापर्यंत सोडत नाहीत, तेव्हा दिवसाच्या वेळा आधी बघून जा.