मासा झोपला आहे की आजारी आहे, हे कसे ओळखावे?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. दिवा बंद केल्यावर तासाभराने पाहिले, तर निऑन टेट्रा फिकट पडून तळाजवळ जागच्या जागी थांबलेले असतात, क्लाउन लोच चक्क आडवा पडलेला असतो आणि डोळे मात्र सगळ्यांचे उघडेच असतात. ही झोप आहे की आजार? आणि अंधारात ते घाबरत असतील, तर रात्रभर मंद दिवा ठेवावा का? आपल्या वर्णनावरून ही झोपच आहे, आणि दिवा ठेवू नये.

प्रथम डोळ्यांविषयी. टाकीत पाळल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व माशांना पापण्या नसतात. डोळा सतत पाण्यातच असल्यामुळे तो ओला ठेवण्यासाठी पापणीची गरजही पडत नाही. त्यामुळे उघड्या डोळ्यांवरून मासा जागा आहे असे ठरवता येत नाही. अभ्यासक त्याऐवजी वागणुकीकडे पाहतात: रोज ठरावीक वेळी हालचाल मंदावते का, त्या वेळी मासा ठरावीक जागी आणि ठरावीक ढंगात थांबतो का, एरवी ज्या हलक्या चाहुलीने तो दचकला असता तिच्याकडे आता दुर्लक्ष करतो का, आणि चाहूल मोठी झाल्यास लगेच पूर्ववत होतो का. या सर्व कसोट्यांना झेब्रा डॅनिओ उतरतो, आणि झोपमोड झाल्यास अंधारात पुढे जास्त झोपून तो ती भरूनही काढतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याच माशाच्या पारदर्शक पिलांच्या मेंदूचे झोपेतील चित्रण करण्यात आले, आणि त्यात सस्तन प्राण्यांच्या गाढ झोपेशी व स्वप्नावस्थेतील झोपेशी साम्य असलेल्या दोन वेगळ्या अवस्था आढळल्या. प्रयोगशाळेतला हा मासा आणि आपण दुकानातून आणतो तो पट्टेवाला झेब्रा एकाच जातीचे आहेत.

झोपण्याची तऱ्हा मात्र जातीगणिक बदलते, आणि नव्या पालकाची फसगत होते ती येथेच. टेट्रांचा थवा दिवसा एकत्र असतो, तो रात्री सैल होतो आणि प्रत्येक मासा परांची अगदी बारीक हालचाल करीत पाण्यात एका जागी राहतो. निऑनची निळी-लाल झळाळी या काळात उतरते व उजेड झाल्यावर काही वेळात परत येते. पेन्सिल फिश तर रात्री अंगावरची नक्षीच बदलतो, आडवे पट्टे पुसट होऊन त्या जागी उभे डाग दिसू लागतात. गोल्डफिश तळाजवळ थांबतो, फायटर एखाद्या रुंद पानावर रेलतो आणि मधूनच हवा घेण्यासाठी वर येऊन जातो. क्लाउन लोच कुशीवर पडून किंवा दगडांच्या फटीत वाकडातिकडा अडकल्यासारखा झोपतो, आणि त्याला मेलेला समजून जाळीने बाहेर काढणारे पालक सर्वत्र भेटतात. सकर आणि कुली लोच यांचा दिवस दिवा बंद झाल्यावर सुरू होतो, म्हणून ते दुपारी निपचित दिसले तर नवल नाही. मेक्सिकोतल्या गुहांमधून आलेला आंधळा टेट्रा त्याच जातीच्या नदीतल्या डोळस माशांपेक्षा फारच कमी झोपतो. अंडी राखणारी सिक्लिड जोडीही रात्री स्वस्थ नसते. कॉन्व्हिक्ट जातीची मादी अंधारातही अंड्यांवर परांनी पाणी खेळवत राहते.

आजार ओळखण्यासाठी कल्ले पाहावेत. झोपेत कल्ल्यांची उघडझाप संथ पण नियमित असते. ती वेगाने होत असेल, मासा तोंड वर करून पृष्ठभागाशी हवा घेत असेल, पर अंगाशी मिटलेले असतील, किंवा पोहण्याच्या प्रयत्नात तोल जाऊन तो उलटत असेल, तर ती झोप नव्हे. खरी परीक्षा सकाळी होते. दिवा लागून अर्धा तास झाला, रंग परतला, खाणे टाकताच मासा धावून आला, तर काळजीचे कारण उरत नाही. खात्री करून घेण्यासाठी रात्री काचेवर टकटक करणे किंवा अंगावर टॉर्च मारणे हा मात्र शुद्ध छळ आहे, तो करू नये.

आता दिव्याविषयी. माशांच्या मेंदूवरची पिनिअल ग्रंथी कवटीतून झिरपणारा प्रकाश स्वतः टिपते आणि अंधार झाल्यावर मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक स्रवते. उजेडात हा स्राव दबतो. झेब्रा माशांना सतत उजेडात ठेवल्यास त्यांची झोप जवळजवळ नाहीशी होते, असे 2007 मधील एका अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून टाकीत दिवसाला 8 ते 10 तास दिवा पुरेसा आहे, वनस्पती असल्या तरीही; त्याहून जास्त वेळ ठेवल्यास फायदा होतो तो शेवाळाचा. टायमर लावावा, कारण वेळेतला नियमितपणा आपल्या आठवणीवर सोडण्यासारखा नाही. टाकीबरोबर मिळणारे निळे ‘चांदणे’ हवे असल्यास संध्याकाळी तासभर ठेवावे आणि नंतर बंद करावे. पूर्ण अंधारात एकदम प्रखर दिवा लागला, तर मासे बिथरून काचेवर आदळतात, काही उघड्या टाकीबाहेर उडीही मारतात. म्हणून सकाळी आधी खोलीत उजेड होऊ द्यावा आणि मग टाकीचा दिवा लावावा, रात्री याच्या उलट क्रम ठेवावा.

आवाज होतो म्हणून अनेक जण रात्री फिल्टर बंद करतात. ते टाळावे. अंधारात वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण थांबते आणि त्याही माशांप्रमाणे पाण्यातला ऑक्सिजन वापरू लागतात, त्यामुळे दाट लावलेल्या टाकीत पहाटे ऑक्सिजन सर्वात कमी असतो. वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडण्याची व्यवस्था असल्यास तीही दिव्याबरोबरच बंद व्हायला हवी. फिल्टरच्या धारेचा जोर फार असेल, तर तिचे तोंड काचेकडे वळवून एक कोपरा संथ ठेवावा. आपले निऑन तिथेच जमतील.

आपल्या टाकीत क्लाउन लोच आहे आणि पुढे सकर आणण्याचाही विचार दिसतो. सकरसाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवा बंद केल्यानंतर टाकाव्यात, अन्यथा दिवसा जागे असणारे मासे त्या संपवतात आणि सकर उपाशी राहतो. दोघांनाही अंग मावेल अशी स्वतंत्र कपार लागेल. ती नसेल, तर लोच रोज रात्री जागेसाठी इतरांना हुसकावत फिरेल आणि टाकीतल्या कोणालाच धड झोप मिळणार नाही.