नव्या शिक्षिकेस : मधल्या सुट्टीकडे लक्ष द्या

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत आपण नुकत्याच रुजू झाला आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. मुलांमधील दांडगाई वर्गात, आपल्या डोळ्यांदेखत, क्वचितच होते. ती नळापाशी, स्वच्छतागृहामागे, माध्यान्ह भोजनाच्या रांगेत आणि शाळा सुटल्यावरच्या वाटेवर घडते. नॉर्वेत १९८३ पासून मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी शाळांतील दांडगाई रोखण्यासाठी राबविलेल्या कार्यक्रमातही सुट्टीतील मोठ्यांच्या देखरेखीवर भर होता. तेव्हा पहिल्या आठवड्यातच सहकाऱ्यांशी बोलून अशा जागांची पाळी ठरवून घ्या.

आपल्या भागात चिडवण्याचे निमित्त पुष्कळदा भाषा असते. घरी कन्नड किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या उच्चाराला हसणे मोठ्यांना किरकोळ वाटते, पण ते मूल हळूहळू वाचायला उभे राहणेच सोडते, आणि हे मला फार उशिरा उमगले, याची खंत आजही आहे. त्या मुलाला त्याच्या भाषेतले गाणे किंवा शब्द वर्गाला शिकवू द्या.

तक्रार आली की दोघांना समोरासमोर उभे करून माफी मागायला लावू नका. त्रास झालेले मूल त्याने अधिकच घाबरते. दोघांशी वेगवेगळे बोला, पाहणाऱ्या मुलांनाही विचारा आणि आठवड्याने पुन्हा चौकशी करा. छडी तर नकोच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध आहे. घरीच मारहाण होत असल्याचा संशय आल्यास मुख्याध्यापकांना सांगा आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा.