निकाल राखून ठेवलेल्या मुलीस

सांगली,
डिसेंबर, रविवार सकाळ

प्रिय विद्यार्थिनीस,

अमेरिकेतल्या एमआयटीने (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) तुझ्या अर्जाला होकारही दिला नाही आणि नकारही, निर्णय मार्चवर ढकलला, हा तुझा मेसेज त्या रात्रीच वाचला होता. उत्तर चार दिवस मुद्दाम दिलं नाही. पहिल्या दिवशी काहीही लिहिलं असतं तरी ते सांत्वनच झालं असतं, आणि त्या कामाला तुझी आजी माझ्यापेक्षा बरी. शिवाय मोबाइलवर एवढं टाइप करणं मला जमत नाही, म्हणून हे फुलस्केप.

तू लिहिलंस, 'सर, सरळ नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.' तुझं बरोबर आहे. नकार आला की माणूस दोन दिवस रडतो आणि तिसऱ्या दिवशी जेवायला बसतो. लटकलेलं उत्तर धड रडू देत नाही आणि धड जेवू देत नाही. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस वगैरे मी लिहिणार नाही. वाटू दे.

आधी त्या शब्दाचं काय ते बघू. मिरजेच्या आत्याला तू सांगितलंस म्हणे, की निकाल राखून ठेवलाय. अगं, आपल्याकडे निकाल राखून ठेवतात तो कॉपीच्या संशयावरून, नाहीतर फी थकली म्हणून! आत्याने त्या दिवशी रात्री तुझ्या आईला फोन केला तो त्यामुळेच. यापुढे कुणी विचारलं तर 'मार्चमध्ये कळेल' एवढंच सांग. आणि तुझ्या काकांनी 'एमआयटी म्हणजे कोथरूडला ना, मग बरंय, रविवारी घरी येता येईल' असं म्हटलं तेव्हा तू चिडून उठून गेलीस, तेही कानावर आलं. तुझी एमआयटी अमेरिकेतल्या केंब्रिजला आहे हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नाही. ते खूश झाले होते, तेवढं धरून चाल.

आता आकडे. ते तुला माहीत आहेत, पण या चार दिवसांत तू ते आपल्या सोयीने वाचले असणार. अर्ली ॲक्शनला, म्हणजे तू अर्ज केलास त्या आधीच्या फेरीला, तिथे अलीकडे दरवर्षी साधारण १२ हजार अर्ज येतात. त्यातल्या सातशेच्या आसपास मुलांना डिसेंबरात होकार मिळतो, आणि दोन-तृतीयांशांच्या घरात मुलांचा अर्ज पुढे ढकलला जातो. म्हणजे 'मला अगदी थोडक्यात घेतलं नाही' असं तुला वाटत असेल, तर तुझ्याबरोबर आणखी सात-आठ हजार मुलांना आज तसंच वाटतंय. त्यांच्यातल्या शंभरातल्या दोघा-तिघांनाच मार्चमध्ये होकार येतो. २०२४ साली दाखल झालेल्या तुकडीचं बघ. एकूण २८ हजारांवर अर्ज होते आणि प्रवेश तेराशेच्या आत. त्यातही परदेशी मुलं दहात एखादं. आपल्या कॅप राउंडसारखं यात काही नाही. कटऑफ नाही, यादी नाही, फेरीगणिक नंबर वर सरकला का ते पाहण्याची सोय नाही. फाइल पुन्हा उघडतील आणि रेग्युलरच्या, म्हणजे नंतरच्या मुख्य फेरीच्या, अर्जांबरोबर नव्याने वाचतील. बस्स.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्यासाठी माझी एक जुनी गोष्ट सांगतो. वर्गात कधी सांगितली नाही, कारण तिच्यात मी फार शहाणा दिसत नाही.

१९९३ साली कोल्हापुरातून एम.एस्सी. झालो आणि एका मोठ्या संशोधन संस्थेत मुलाखत देऊन आलो. जूनच्या अखेरीस पत्र आलं, की आपलं नाव विचाराधीन आहे, यथावकाश कळवण्यात येईल. 'यथावकाश' हा शब्द मी तेव्हा नीट वाचला नव्हता. अवकाश कुणाचा, ते त्यात लिहिलेलं नसतं. मी गावी जाऊन बसलो. जुलैत इस्लामपूरच्या एका शाळेत रजेच्या जागेवर बोलावणं आलं, तर मी नाही म्हणालो, कारण पत्र आलं की लगेच निघावं लागेल. मामेबहिणीच्या लग्नाला गेलो नाही, कारण नेमकं त्याच दिवशी पत्र आलं तर? रोज अकराच्या सुमारास पारावर जाऊन पोस्टमनची सायकल दिसते का ते बघायचो. शेवटी त्यालाच माझी दया आली. म्हणाला, "तुम्ही नोकरीला जावा की. पत्र आलं तर तिथं आणून देतो." तरी मी हललो नाही. जानेवारीत स्वतः जाऊन विचारलं, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने रजिस्टर चाळून सांगितलं, की जागा ऑगस्टमध्येच भरल्या. कळवायचं राहून गेलं होतं.

त्यांचा राग मला अजून येतो, खोटं कशाला बोलू. पण जागा गेल्याचं दुःख वर्षभरात विरलं. रजेच्या जागेवर ज्या पोरांना मी शिकवलं असतं ते सहा महिने मात्र अजून आठवतात. ते कुणी काढून घेतले नव्हते. मीच पारावर बसून घालवले.

म्हणून तुला दोन वह्या करायला सांगतो. एका वहीत उत्तर 'नाही' आलं असं धरायचं आणि त्याप्रमाणे दिवस आखायचे. दुसरीत 'अजून होऊ शकतं' असं धरायचं आणि त्यासाठी लागणारे कागद वेळेवर द्यायचे. दुसरी वही अगदी पातळ आहे. दोन संध्याकाळींचं काम.

त्यातलं मुख्य काम म्हणजे फेब्रुवारीचा अपडेट फॉर्म. एमआयटीचा अर्ज कॉमन ॲपवर (पुष्कळ कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची वेबसाइट) नाही, त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर आहे, त्यामुळे हा फॉर्मही तिथेच येईल. त्यात सहामाही-प्रीलिमचे गुण तूच भरायचेस. शिवाय नवीन काही सांगायचं असेल तर थोडी जागा आहे. त्या जागेत काय लिहायचं, यावर मात्र जरा थांबून बोलतो.

पूर्वी एका मुलाला मी मदत करत होतो. कॉलेज वेगळं, पण प्रसंग हाच. घाबरून त्याने जानेवारीत सहा ईमेल पाठवले. सहाव्याला स्थानिक आमदारांचं शिफारसपत्र जोडलं, लेटरहेडवर, 'सदर विद्यार्थी माझ्या परिचयाचा असून होतकरू आहे' अशा मजकुराचं, इंग्रजी भाषांतरासह. मला न विचारता. तिकडच्या प्रवेश विभागातल्या बाईंनी ते वाचून काय केलं असेल, याची कल्पना करून मी अजून हसतो, पण त्या दिवशी हसलो नव्हतो. काही कॉलेजं अर्जदार किती उत्सुक आहे हे बघतात. तिथे एक चांगलं पत्र उपयोगी पडतं. तू जिथे अर्ज केलास तिथे ते बघतच नाहीत. माझी किती इच्छा आहे, लहानपणापासूनचं स्वप्न आहे, हे सगळं सोडून दे. अर्ज पाठवल्यानंतर काय घडलं, तेवढंच लिही.

आणि घडलंय. तुला वाटतंय काहीच नाही, म्हणून आठवण करून देतो. मागच्या महिन्यात तू चिडून माझ्याकडे आली होतीस, की ओढ्यावरच्या पुलाखाली लावलेला सेन्सर बिघडला, रात्री पाण्याची पातळी अर्धी वीत खाली गेलेली दाखवतो आणि दुपारी पुन्हा वर. तू सेन्सर बदललास. तोही तेच दाखवायला लागला. मग तू पहाटे पाचला टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन गेलीस (तुझ्या बाबांना घेऊन गेलीस, हे त्यातलं शहाणपण), तर पाणी जिथल्या तिथे! तीन दिवसांनी तुझ्या लक्षात आलं, की सेन्सर ध्वनी पाठवून परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि तू ध्वनीचा वेग वर्षभरासाठी एकच धरला होतास. हवेत तो दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो. पहाटे १३ अंश, दुपारी ३० अंश. म्हणजे सेकंदाला १० मीटरचा फरक, साधारण ३ टक्के. पुलापासून पाणी ४ मीटर खाली, त्याचे ३ टक्के म्हणजे १२ सेंटिमीटर. तुझी अर्धी वीत. ती थंडी होती. मग तू तापमापक जोडलास आणि ओढा रात्रीचा खाली जायचा थांबला.

हे अर्जात नाही. अर्जात तू २०१९ चा महापूर लिहिलास, सांगलीवाडीतून आजीला बोटीने काढलं ते लिहिलंस. ते खरं होतं आणि चांगलं लिहिलं होतंस. पण त्या निबंधात तू पुरातून वाचलेली मुलगी होतीस. या सेन्सरच्या गोष्टीत तू चुकलेली आणि चूक शोधून काढलेली मुलगी आहेस. मी निवड समितीत असतो तर मला ही दुसरी जास्त आवडली असती. निवड समितीला काय आवडतं ते मला ठाऊक नाही, हेही सांगतो. तरी हेच लिही. आधी मराठीत लिही, आईला सांगतेस तसं, मग त्याचं साधं इंग्रजी कर. 'पॅशन' हा शब्द आला तर मी कागद परत देईन. एकदा पाठवलं की ती वही बंद. त्यानंतर पोर्टल उघडायचं नाही.

पहिली वही मात्र जाड आहे आणि तिची घाई आहे. बाकीच्या कॉलेजांच्या रेग्युलर अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. तू सात ठिकाणं ठरवली होतीस. चार दिवसांत एकही निबंध पुढे सरकलेला नाही, हो ना? आजपासून रोज एक. कॉमन ॲपवरचा मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे शाळेकडून जाणारे सहामाहीचे गुण, मी भरायचा आहे, तो मी भरीन.

पैशांचं स्पष्ट बोलतो, कारण तुझे बाबा बोलणार नाहीत. हळदीच्या अडतीवरच्या दिवाणजीच्या पगारात यातलं काही बसत नाही, मदत मिळाली तरच जायचं. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाला घेताना त्याची ऐपत बघत नाहीत. पुष्कळ ठिकाणी बघतात. ते तसं उघड सांगतातही, म्हणून त्यात अपमान मानू नकोस, फक्त यादी करताना लक्षात ठेव. तुझ्या मैत्रिणीने सुचवलेला अर्ली डिसिजन टूचा मार्ग मला तुझ्यासाठी पटत नाही. तिथे होकार आला तर जायचं असा शब्द आधीच द्यावा लागतो आणि चार ठिकाणची मदत शेजारी मांडून बघता येत नाही. ज्यांना फीची चिंता नाही त्यांनी तो खेळ खेळावा.

आणि जानेवारीच्या अखेरीस जेईई मेन आहे, मग प्रात्यक्षिकं, फेब्रुवारीत बोर्ड. तू परवा वर्गात रोटेशनल डायनॅमिक्सच्या तासाला खिडकीबाहेर बघत होतीस. 'मी तर तिकडे जाणार' असं वाटत असताना तुझा बोर्डाचा अभ्यास मागे पडत होता, हे मला ऑक्टोबरपासून दिसतंय. आता 'मी तिकडे जाणार की नाही' या विचाराने तो आणखी मागे पडेल. इथलं कॉलेज म्हणजे हरल्यावरची जागा, असं तुझ्या डोक्यात कुठेतरी बसलंय. ते कुणी बसवलं ते मी विचारत नाही, कदाचित आम्हीच. पण पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये पाय ठेवून बघ आणि मग मला सांग.

मार्चचं आत्ताच ठरवून ठेवू. त्यांचा निकाल बरीच वर्षं १४ मार्चला लागत आलाय, कारण तिकडे तारीख ३/१४ अशी लिहितात. गणितातल्या पायची (π, ३.१४) गंमत. वेळही संध्याकाळी ६:२८ ची ठेवतात, पायची दुप्पट. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेच्या पहाटेचे ३:५८ झालेले असतात. यंदाही तसंच असेल तर त्या वेळी तू झोपलेली असावीस, अशी माझी इच्छा आहे. सकाळी चहा घेऊन, आईशेजारी बसून बघ. माझा फोन सहानंतर चालू असतो. आधी बातमी कुणाला सांगायची, काकांना की आत्याला, यावर घरात भांडण होईल. ते तुम्ही बघा.

गुरुवारी प्रीलिमची मार्कशीट आणि अकरावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ये. प्राचार्यांची सही दुपारी एकपर्यंतच मिळते आणि गोल शिक्क्याची किल्ली ऑफिसातल्या काकूंकडे असते, त्या शुक्रवारपासून रजेवर आहेत.

तुझा,
सर

ता. क. : प्रीलिमच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात तिसऱ्या प्रश्नात तू जडत्व आघूर्णाचा अक्ष चुकीचा धरलास. दोन गुण कापलेत. वाढवून मागायला येऊ नकोस.