तांब्याच्या पेल्यात सोलकढी?

प्रश्न: ताई, मी डिचोलीला एका कासाराकडे तांब्याचे पेले ठोकायला शिकतोय, पण पत्रा मध्येच कडक होतो आणि काठाला चीर जाते. शिवाय घरच्यांना त्यातून सोलकढी प्यायचीय, चालेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: अरे चीर जाणारच, ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग हातोडी टणकन उसळायला लागली की थांबायचं, पेला मंद लाल दिसेपर्यंत तापवायचा नि सरळ पाण्यात बुडवायचा, पोलादासारखं तांबं त्याने कडक होत नाही, उलट मऊच राहतं आणि वरची काळी पापुद्रीही बरीचशी सुटते. दर फेरीला हे करायचं, कंटाळा केलास की काठ गेला. काठ नुसता कापून सोडू नको, ओठाला लागतो, बारीक तार घालून बाहेर वळव, चेपत नाही आणि दिसतोही झकास.

सोलकढी मात्र साध्या तांब्यात नको हं! कोकमाच्या आंबटाने तांबं उतरतं, मळमळ-उलटी होऊ शकते. द्यायचीच तर आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर हवा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, पेला तापवून नवसागर (अमोनियम क्लोराइड, कथील नीट धरावं म्हणून) टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील पटापट फिरवायचं, धूर वाईट असतो म्हणून अंगणातच. आणि कथील शुद्ध आण, शिसंवालं सोल्डर अजिबात नको.