साताऱ्यातील जुन्या घरात मांजरासाठी भिंतीवर चढण्याच्या फळ्या कशा बसवाव्यात?

साताऱ्याच्या जुन्या पेठांतील तुमच्या घराची भिंत दगडमातीची असेल, तर तिच्यात गिट्टी ठोकून बसवलेला स्क्रू मांजराच्या उडीच्या धक्क्यांनी हळूहळू सैल होतो. म्हणून जमिनीपासून तुळईपर्यंत लाकडी खांब घट्ट बसवून त्यालाच फळ्या जोडाव्यात. पक्क्या विटांच्या भिंतीला लोखंडी अँगल आणि अँकर बोल्ट पुरतात. फळी किमान 25 सेंटिमीटर रुंद असावी आणि दोन फळ्यांच्या उंचीत 30 ते 40 सेंटिमीटर अंतर ठेवावे. म्हाताऱ्या मांजरासाठी त्याहून कमी. गुळगुळीत सनमायका कृपया टाळाच, कारण त्यावर नखे रुतत नाहीत आणि उतरताना पाय घसरतो. त्याऐवजी गोणपाट ताणून बसवावे. सर्वांत वरची फळी खिडकीजवळ घ्यावी, मात्र आधी खिडकीला मजबूत जाळी लावावी.